अननसाच्या सालीत गरापेक्षा खरंच जास्त काही असतं का?

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या स्वयंसहाय्य गटात आम्ही सात बायका आहोत. पावसाळ्यात आसपासच्या कुळागरांतले (सुपारीच्या बागांतले) अननस घेऊन जॅम करतो, पाकातल्या फोडी करतो. रोज सालींचा ढीग पडतो आणि खड्ड्यात जातो. एक गृहस्थ सांगून गेले की साल गरापेक्षा चौदा पट गुणकारी, सगळी अँटिऑक्सिडंट तिच्यातच, वाळवून पावडर करा, भाव चांगला येईल. त्यांनी दिलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालाचा फोटो सोबत जोडला आहे. शिवाय अननसाचं गरम पाणी कर्करोग बरा करतं, असा संदेश गावात सगळ्यांच्या फोनवर आला आहे. यातलं खरं किती? कुठल्या भागात काय असतं? आणि पावडर करावी का?

उत्तर :

ताई, सालीत पॉलिफेनॉलचं, म्हणजे अँटिऑक्सिडंट म्हणून गाजणाऱ्या वनस्पतीतल्या द्रव्यांचं, प्रमाण गरापेक्षा जास्त असतं, हे खरं. चौदा पट असतं, हे खरं नव्हे. चूक कुठे झाली ते तुमच्या फोटोतच दिसतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

अहवालात गरासमोर लिहिलं आहे १०० ग्रॅमला ५० मिलिग्रॅम आणि सालीसमोर १०० ग्रॅमला ७००. सातशेला पन्नासने भागलं की चौदा येतात. पण वरच्या कोपऱ्यात नमुन्यांचं वर्णन आहे, ते वाचा: गर 'ताजा', साल 'वाळवलेली पूड'. अननसाच्या ताज्या गरात १०० ग्रॅममागे साधारण ८६ ग्रॅम पाणीच असतं. उरलेल्या १४ ग्रॅममध्ये साखर, आम्ल, तंतू आणि ती ५० मिलिग्रॅम पॉलिफेनॉल. गरही वाळवून तोलला असता तर त्याचा आकडा ३५७ च्या आसपास गेला असता. आता ३५७ च्या शेजारी ७०० ठेवा. चौदा पटीचे दुप्पट झाले.

उलट बाजूनेही करून बघा. ताज्या सालीत ८२ टक्के पाणी धरलं, तर १०० ग्रॅम सालीत १८ ग्रॅम कोरडा माल आणि त्यात १२६ मिलिग्रॅम पॉलिफेनॉल. म्हणजे ताज्याला ताजं लावलं तर साल गराच्या अडीच पट. दुप्पट-अडीच पट ही काही हलकी गोष्ट नाही, फेकून द्यायच्या मालासाठी तर नाहीच. प्रयोगशाळेने खोटं लिहिलेलं नाही. पण दोन वेगवेगळ्या मापांतले आकडे एकाच तक्त्यात शेजारी ठेवले आणि 'ताज्या वजनावर' की 'कोरड्या वजनावर' हा खुलासा कुठेच केला नाही. फळप्रक्रियेच्या कामात मला सव्वीस वर्षं झाली, आणि सालीबद्दलचे जेवढे अवाच्या सव्वा दावे माझ्या टेबलावर आले, त्यातले निम्मे तरी याच एका घोळातून निघालेले होते.

आता कुठल्या भागात काय, ते सांगते.

तुमच्याकडे येतो तो बहुतेक जायंट क्यू जातीचा असणार, मोठा, उभट, गर फिकट पिवळा. क्वीन किंवा मॉरिशस जातीचा लहान, डोळे खोल, गर गडद आणि वास जास्त. शेंडा काढून फळ सोललं की साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, सालीत जातो. मधला दांडा दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे विकत घेतलेल्या दहा किलोंतले चार किलो तुमच्या खड्ड्यात पडतात. हाताने सोलताना डोळे निघावेत म्हणून सुरी खोल जाते आणि बोटभर गर सालीला चिकटून राहतो. शोधनिबंधांत 'साल' म्हणतात तीही बहुधा अशीच, गरासकट असते. कोणी पातळ सोलून मोजतो, कोणी जाड. आकडे जुळत नाहीत त्याचं हेही एक कारण आहे.

सालीत जास्त का, याचं उत्तर झाडाच्या बाजूने बघितलं की मिळतं. अननस हे एक फळ नाही. शंभर-दोनशे फुलं एका दांड्याभोवती दाटीने बसतात आणि एकमेकांत मिसळून फळ तयार होतं. प्रत्येक डोळा म्हणजे एक फूल. ऊन, पाऊस, पिठ्या ढेकूण, बुरशी, सगळ्यांचा मारा बाहेरच्या भागावर. फिनॉल वर्गातली द्रव्यं ही झाडाची संरक्षणाची सामग्री आहेत, तुरट आणि कडवट, किडीला नकोशी, अतिनील किरणं शोषून घेणारी. ती जिथे लागतात तिथेच झाड साठवतं. म्हणून सालीत कॅटेचिन, एपिकॅटेचिन, गॅलिक आम्ल, फेरुलिक आम्ल अशी द्रव्यं सापडतात. कॅटेचिन म्हटल्यावर चहा आठवतो तो बरोबर आठवतो, त्याच कुटुंबातलं आहे. गरात पी-कूमारिक, फेरुलिक, कॅफेइक, सिनॅपिक अशी आम्लं असतात, पण कमी.

फेरुलिक आम्लाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण पावडर करायची की नाही हे बरंचसं त्यावर ठरतं. वनस्पतींच्या वर्गवारीत अननस भात, नाचणी, बांबू यांच्याच गणात येतो. या सगळ्यांचा एक गुण सारखा: फेरुलिक आम्ल पेशींच्या भिंतीला, तिथल्या तंतूंना, रासायनिक बंधाने घट्ट जोडलेलं असतं. भाताच्या कोंड्यात तेच, नाचणीच्या टरफलात तेच, अननसातही तेच. सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून अतिनील प्रकाश टाकला की पेशींच्या भिंती निळ्या उजळतात. अमोनियाचा थेंब दिला की तोच निळा हिरव्याकडे वळतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ डोळा काढला नव्हता. हे बांधलेलं द्रव्य पाण्यात उतरत नाही. सालींचा काढा केला तर साखर, आम्ल आणि मोकळी पॉलिफेनॉल पाण्यात येतात, बांधलेली चोथ्यात राहतात. प्रयोगशाळेत ती सोडवायला तीव्र कॉस्टिक सोडा लागतो. पोटात ती वरच्या आतड्यातून जवळजवळ तशीच पुढे जातात आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांतली काही हळूहळू मोकळी करतात. म्हणजे पावडर तंतूसकट खाल्ली तर तो भाग मिळण्याची शक्यता असते, काढा गाळून प्यायला तर तो चोथ्याबरोबर फेकला जातो.

आकडे मोजतात कसे, हेही तुम्हाला कळलं पाहिजे. पुढच्या वेळी कोणी अहवाल दाखवला तर काय विचारायचं ते सुचेल.

एकूण पॉलिफेनॉल मोजायची नेहमीची पद्धत फोलिन-चिओकाल्टो. अननसाचा अर्क काढतात, बहुधा मिथेनॉल किंवा अॅसिटोन आणि पाण्याच्या मिश्रणात. त्याच्या थेंबात हे पिवळं द्रावण घालतात, वर धुण्याच्या सोड्याचं पाणी. नळी अंधारात ठेवली की हळूहळू निळी होते, पांढऱ्या कपड्यांना द्यायच्या निळीसारखी. निळा जितका गडद, तितकी पॉलिफेनॉल जास्त, असं धरून तो रंग यंत्रावर मोजतात आणि गॅलिक आम्लाच्या तुलनेत आकडा देतात. या पद्धतीने गराचे आकडे ताज्या १०० ग्रॅमला साधारण ३० ते ९० मिलिग्रॅम अशा पट्ट्यात येतात. जात, पिकलेपण आणि अर्क काढायची रीत बदलली की आकडा बदलतो.

मात्र फोलिनचं द्रावण पॉलिफेनॉल ओळखत नाही. जे काही समोरच्याला इलेक्ट्रॉन देतं, त्याने ते निळं होतं. जीवनसत्त्व क त्यातलंच. अननसाच्या गरात १०० ग्रॅमला सरासरी ४८ मिलिग्रॅमच्या आसपास जीवनसत्त्व क धरतात. जातीप्रमाणे ते १७ पासून ५६ पर्यंत बदलतं. म्हणजे गरात जेवढी पॉलिफेनॉल सांगितली जातात जवळपास तेवढंच जीवनसत्त्व क. ते वजा केलं नसेल तर गराचा आकडा फुगलेला असणार. चांगली प्रयोगशाळा अर्कातली पॉलिफेनॉल त्यांना धरून ठेवणाऱ्या एका पुडीवर शोषून बाजूला काढते, उरलेल्याचा रंग वेगळा मोजते आणि फरक घेते. तुमच्या अहवालात तसं केल्याची नोंद नाही. शिवाय फोडी टिकाव्यात म्हणून केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालत असाल, तर तेही फोलिनला निळं करतं. संरक्षक घातलेल्या रसाला 'जास्त अँटिऑक्सिडंट' ठरवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरी लोकप्रिय चाचणी डीपीपीएच. अल्कोहोलमधलं गडद जांभळं द्रावण, पिकल्या जांभळाच्या रसासारखं. अर्क घातला की रंग उतरत उतरत फिकट पिवळा होतो. बघायला सुंदर असते, म्हणून जाहिरातींतही हीच दाखवतात. पण डीपीपीएच हे कारखान्यात बनवलेलं रसायन आहे, माणसाच्या रक्तात ते नसतं. नळीत ज्याने रंग लवकर उतरवला त्याने शरीरातही काही उतरवलं, असा अर्थ निघत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने फळाभाज्यांच्या ओरॅक (नळीत अँटिऑक्सिडंट ताकद मोजायची आणखी एक चाचणी) आकड्यांचा एक मोठा तक्ता प्रसिद्ध केला होता. २०१२ मध्ये त्यांनी तो स्वतःहून काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नव्हता आणि विक्रेते त्यांचा वापर जाहिरातीला करत होते. या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगते, पावडर वाळवताना तुम्हाला उपयोगी पडेल. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी सालीचे दोन ट्रे वाळवले, एक ५० अंशांवर, दुसरा घाईत ९० अंशांवर रात्रभर. सकाळी मोजलं तर ९० अंशांवाल्याचा आकडा वरचढ. मी आनंदाने तक्ता भरला, जास्त उष्णतेत पॉलिफेनॉल मोकळी होतात असं टिपणही लिहिलं. आमच्या वरिष्ठ बाईंनी तक्ता बघितलाच नाही, ट्रे उचलून नाकाशी नेला आणि माझ्यापुढे धरला. करपायला आलेल्या गुळाचा वास. साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेत एकत्र येऊन तपकिरी द्रव्यं तयार होतात, तीच भाकरीच्या पापुद्र्यावर दिसतात. तीही फोलिनला निळं करतात आणि डीपीपीएचचा रंग उतरवतात. सालीतली मूळची द्रव्यं कमी झाली होती, आकडा मात्र वाढला होता. तेव्हापासून वाळवलेल्या मालाचा वास घेतल्याशिवाय मी त्याचा अहवाल उघडत नाही.

आता दांडा आणि शेंडा. मधल्या दांड्याला लोक उगीच डोक्यावर घेतात. त्यात पॉलिफेनॉल सालीपेक्षा बरीच कमी. तंतू भरपूर आणि ब्रोमेलेन चांगलं. ब्रोमेलेन हे प्रथिन तोडणारं विकर (एन्झाइम) आहे, अँटिऑक्सिडंट नव्हे. ही दोन नावं फोनवरच्या संदेशांत कायम एकमेकांच्या गळ्यात घातलेली असतात. व्हेनेझुएलाचे रसायनशास्त्रज्ञ व्हिसेंते मार्कानो यांनी १८९१ मध्ये ते अननसाच्या रसातून वेगळं केलं. पुढे १९५७ मध्ये हवाईत हाइनिके यांनी दाखवलं की झाडाच्या खोडात ते मुबलक असतं, आणि तेव्हापासून औषधी गोळ्यांतलं ब्रोमेलेन बहुतेक खोडातूनच काढतात. आपण त्याची कामगिरी घरात रोज बघतो. कच्चा अननस दह्यात कालवून ठेवला की तासाभरात कडू लागतो, कारण दह्यातल्या प्रथिनांचे तुकडे पडतात. जिलेटिनची जेली कच्च्या अननसावर धरत नाही. आणि जास्त अननस खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यातही याचाच हात, जोडीला फळातले ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. अननसाच्या सासंवात, म्हणजे गोव्याकडच्या गूळ-मोहरीच्या कालवणात, फोडी आधी गुळाबरोबर शिजवून घेतल्या की मोहरी-खोबऱ्याचं वाटण घालूनही कडवटपणा येत नाही, कारण शिजताना ब्रोमेलेन मरतं.

इथेच फोनवरच्या त्या संदेशाचं उत्तर आहे. ६०-७० अंशांच्या पुढे ब्रोमेलेन निकामी व्हायला लागतं, उकळत्या पाण्यात ते टिकतच नाही. संदेश म्हणतो की अननसावर गरम पाणी ओता, त्यातलं औषधी विकर बाहेर येईल आणि गाठी विरघळतील. ज्याचं नाव घेऊन दावा केला, तेच त्या पाण्यात मेलेलं असतं. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर शुद्ध ब्रोमेलेनचे परिणाम तपासले गेले आहेत, ते खरं. पण तिथून पेलाभर पाण्याने आजार बरा होण्यापर्यंत कसलाही रस्ता नाही. गावात कोणी आजारी असेल आणि हा संदेश वाचून उपचार पुढे ढकलत असेल, तर त्यांच्याशी आजच बोला. पावडरीचं काय ते सावकाश बघू.

शेंड्यात आणि पानांत फिनॉल आहेत, कॅफेइक आणि कूमारिक आम्लांची ग्लिसेरॉलशी जोडलेली रूपं आहेत, पण ते खायचं काम नाही. शेंडे लावणीला द्या किंवा गुरांपुढे टाका.

एक गोष्ट स्पष्ट बोलते, तुम्हाला आवडणार नाही कदाचित. अँटिऑक्सिडंटसाठीच काही विकायचं असेल तर अननस हा आपल्या भागातला पहिला पर्याय नव्हे. भिरंडाच्या (कोकमाच्या) सालीत लाल अँथोसायनिन आणि गार्सिनॉल, जांभळाच्या सालीत गडद अँथोसायनिन, आवळ्यात टॅनिन आणि जीवनसत्त्व क, काजूच्या बोंडूत अननसाच्या कितीतरी पट जीवनसत्त्व क. अननसाची साल यांच्यापुढे मध्यमच ठरेल. तिची खरी जमेची बाजू वेगळी आहे: ती तुमच्याकडे रोज ढिगाने पडलेली असते, तिला साखर आणि सुगंध आहे, आणि तिचे पैसे तुम्ही फळाबरोबर आधीच मोजलेले असतात.

पावडर करायची की नाही? हवामान बघा. क्यूचं मुख्य पीक इथे मे-जूनपासून पावसाळ्यात येतं. उन्हात वाळवणं शक्यच नाही. ओल्या हवेत साल तीन-चार तासांत आंबायला लागते, दुपारपर्यंत चिलटं घोंगावतात. कापल्यावर सालीतलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर हवेच्या मदतीने तीच पॉलिफेनॉल तपकिरी करून टाकतं. संध्याकाळपर्यंत पडून राहिलेली साल वाळवली तर पावडर मिळेल, पण ज्याच्यासाठी खटाटोप केला ते अर्धं खलास झालेलं असेल. शीतकपाटावरही फार विसंबू नका. १२ अंशांच्या खाली अखंड फळ दिवसेंदिवस ठेवलं की थंडी बाधते आणि बाहेर काढल्यावर आतून, दांड्याजवळ, काळवंडतं. तेही याच विकराचं काम.

विजेचा ड्रायर मिळत असेल तरच करा. फळ सोलण्याआधीच मऊ ब्रशने डोळ्याडोळ्यांतून घासून वाहत्या पाण्याखाली धुवा. डोळ्यांच्या खळग्यात माती, मुंग्या, पिठ्या ढेकणाचा कापूस अडकलेला असतो. साल बोटभर पट्ट्यांत कापा, दोन-तीन मिनिटं वाफ द्या म्हणजे विकर मरेल. पाण्यात उकळू नका, सगळं पाण्यात जाईल. मग ५०-५५ अंशांवर वाळवा, पट्टी वाकवली की कडकन मोडली पाहिजे. सालीला चिकटलेल्या गराच्या साखरेमुळे ही पावडर मिठासारखी ओल ओढते, डबा अर्धा तास उघडा राहिला तरी गोळा होतो. आणि हिशोब आधीच मांडा: १० किलो ताज्या सालीतून पावडर दोन किलोच्या आतच निघते. वीज, मजुरी, दळण, हवाबंद पाकिटं धरून ते परवडतं का, हे तुमच्याच वहीत आधी लिहून बघा.

फळ कुठून आलं याचीही चौकशी करा. कुळागरात सुपारीच्या सावलीत वाढलेल्या अननसावर सहसा काही मारलेलं नसतं. व्यापारी लागवडीत मात्र एकदम फुलं यावीत म्हणून झाडाच्या पोंग्यात इथेफॉनचं सौम्य द्रावण ओततात. ते काढणीच्या बरेच महिने आधी होतं, त्याची मला फार काळजी नाही. पण काही ठिकाणी सगळी फळं एका दमात पिवळी दिसावीत म्हणून काढणीआधी थेट फळावरच फवारतात, आणि ते बसतं सालीवर. बाहेरून ट्रकने आलेल्या फळांची साल खाण्याच्या पदार्थात घालू नका. माहितीची झाडं, माहितीचा माणूस, एवढ्यापुरतंच हे काम ठेवा.

माझं मत विचाराल तर तुमच्या गटाने आधी व्हिनेगर करावं. माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, व्हिनेगर इथल्या स्वयंपाकघरांना परकं नाही, आणि पावसाळ्यातली ओली, उबदार हवा जी ड्रायरच्या आड येते तीच आंबवण्याला मानवते. धुतलेल्या साली आणि दांडे बारीक कापून काचेच्या किंवा खाद्यपदार्थांच्या दर्जाच्या प्लास्टिकच्या भांड्यात घाला. तांबं, अॅल्युमिनियम नको, आम्ल ते खातं. साल बुडेल इतकं उकळून गार केलेलं पाणी आणि चवीला चांगलं गोड लागेल इतका गूळ. चिमूटभर यीस्ट घातलं तर आंबणं भरवशाचं होतं. झाकण सैल ठेवा, रोज एकदा ढवळा, साली वर तरंगून कोरड्या पडल्या की तिथेच बुरशी धरते. पाच-सात दिवसांत फसफस थांबते आणि गोडी जाते. गाळा. इथपर्यंत साखरेचं अल्कोहोल झालेलं असतं. आता रुंद तोंडाचं भांडं, वर मलमलचं फडकं, आणि कोणाकडे न तापवलेलं जुनं सुरेचं व्हिनेगर असेल तर त्याच्या वरची सायीसारखी चकती थोड्या व्हिनेगरसकट यात सोडा. या टप्प्यातल्या जीवाणूंना हवा लागते, म्हणून घट्ट झाकण अजिबात नको. तीन ते पाच आठवड्यांत आंबटपणा चढतो. विकायचं असेल तर आम्लता मोजून घ्या, आंबवलेल्या व्हिनेगरला किमान ३.७५ टक्के अॅसेटिक आम्ल लागतं. मधल्या टप्प्यात अल्कोहोल तयार होत असल्यामुळे धंदा म्हणून सुरू करण्याआधी अबकारी खात्यात एकदा विचारून घ्या.

सालीतली मोकळी पॉलिफेनॉल काही प्रमाणात या व्हिनेगरात उतरतात, बांधलेली चोथ्यात राहतात. चोथा गुरांना किंवा खताला. पण लोकांनी हे व्हिनेगर घ्यावं ते वासासाठी. क्वीन जातीच्या सालीचं झालं असेल तर बाटली उघडताच अननस ओळखू येतो.

पाकिटावर आणि बाटलीवर काय लिहावं, तेही सांगते. 'कर्करोगावर गुणकारी', 'साखर कमी करते', 'रोगप्रतिकारशक्ती वाढवते' यांतलं काहीही लिहू नका. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम आहेत, रोग बरा करण्याचा दावा अन्नपदार्थावर चालत नाही आणि आरोग्याच्या इतर दाव्यांना पुरावा लागतो. 'चौदा पट अँटिऑक्सिडंट' तर नकोच, त्याचं काय झालं ते वर बघितलंच. अननसाची साल, गूळ, पाणी असे घटक लिहा, जात लिहा, गाव लिहा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुळागरातला माल म्हटल्यावर थांबणारी माणसं आहेत, त्यांना मिलिग्रॅम नको असतात.

तरीही एकदा नीट मोजून घ्यायचंच असेल, स्वतःच्या समाधानासाठी किंवा कुठे अर्ज करायला, तर नमुना कसा घ्यायचा तेवढं सांगते. अननसात फुलं खालून वर उमलत जातात, त्यामुळे बुडाचा भाग आधी पिकतो आणि जास्त गोड असतो, शेंड्याकडचा मागे राहतो. आडवी चकती पाठवली तर आकडा त्या चकतीपुरताच. फळ शेंड्यापासून बुडापर्यंत उभं चिरा, कलिंगडाची फोड काढतात तशी, आणि त्या फोडीची साल, गर, दांडा वेगळे करा. एकाच दिवसाची, एकाच जातीची निदान पाच फळं घ्या. कापल्यापासून तासाभरात प्रत्येक भागाची वेगळी पिशवी हवा काढून बंद करा आणि बर्फाच्या पेटीत ठेवून पोचवा. प्रयोगशाळेला आधीच सांगा की प्रत्येक भागातलं पाण्याचं प्रमाण मोजून हवं आणि जीवनसत्त्व क वजा करून हवं. पिशवीवर पक्क्या शाईच्या पेनाने तारीख, जात, कुठल्या कुळागरातलं ते आणि 'ताजं' की 'वाळवलेलं' हे ठळक लिहा. पेन बर्फाच्या पाण्यात पुसलं जाणारं नसावं, म्हणून लिहिलेल्यावर चिकटपट्टी लावा.